मेजर रँकिन यांच्या डावीकडे

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या त्या रस्त्यावर मेजर डूगल रँकिन सगळ्यांत जुने रहिवासी. ते आणि त्यांची बायको मॉयरा इथे राहायला आले तेव्हा समोर संत्र्यांच्या बागा होत्या. आता समोर दुमजली घरांची रांग होती, मॉयरा वारली होती आणि मुलगा कॅनडात स्थायिक झाला होता. रँकिन यांना उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे, डाव्याने बेताचंच. त्यामुळे शेजारीपाजारी हात हलवून पुढे जात. ओरडून बोलायला लोकांना संकोच वाटतो.

बाजूच्या घरात स्वरदा राहायची. वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. मुलगी कादंबरी मेलबर्नला युनिव्हर्सिटीत होती. नवरा हृषिकेश आदल्या वर्षी नोकरीसाठी ब्रिस्बेनला गेला आणि काही महिन्यांनी त्याने फोनवर सांगितलं, की आपण परत येणार नाही. पुण्यात आईबाबांना हे तिने अजून कळवलं नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तिला कुंपणापलीकडून कापडाची जोरात फडफड ऐकू आली. तिने वाकून पाहिलं. रँकिन यांनी एका मोठ्या बॅनरचा एक दांडा कपडे वाळत घालायच्या फिरत्या स्टँडला बांधला होता आणि दुसरा स्वतः धरला होता. वाऱ्याने स्टँड गरकन फिरला होता आणि बॅनर त्यांच्याभोवती गुंडाळलं गेलं होतं. आत म्हातारा निमूट उभा होता, मदतीला हाक मारत नव्हता. स्वरदा बाजूच्या फाटकातून आत गेली आणि तिने त्यांना मोकळं केलं.

"थँक यू," ते म्हणाले. "हा जोडीदार बरा नाही. सारखा वळतो."

बॅनर सिडनीतल्या स्कॉटिश तोफचींच्या संघटनेचं होतं. पंचवीस एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, अँझॅक डेच्या संचलनात, ही माणसं ते घेऊन चालत. आधी बरेच जण होते. मग एकेक कमी होत गेला आणि गेल्या वर्षी फक्त रँकिन आणि बर्ट टुलॉक असे दोघंच उरले, दोन दांड्यांना दोघं. फेब्रुवारीत टुलॉक गेला.

"मुलगा म्हणतो, म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या जीपमध्ये बसून जा," रँकिन म्हणाले. "जीपमध्ये बसायचं तर मग घरीच टीव्हीवर बघतो." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू धरशील?"

"मेजर, सैन्याशी माझा काही संबंध नाही."

"दांडा धरायला संबंध लागत नाही, उंची लागते. तू टुलॉकएवढी आहेस."

पुढचे काही रविवार दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत बॅनर घेऊन चालायला लागले. स्वरदा त्यांच्या डावीकडे, म्हणजे ऐकू येणाऱ्या बाजूला. मुलं सायकली थांबवून बघत. चालता चालता रँकिन बोलत आणि त्यातून त्यांचं आयुष्य तिला तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. वडील बोटीवर, दोघं भाऊ बोटीवर. यांना मात्र बोट लागायची, म्हणून हे सैन्यात गेले. ऑफिसर झाले, तोफखान्यात नेमणूक झाली. जर्मनीत कितीतरी वर्षं न झालेल्या युद्धाची तयारी केली. कान तिथेच गेले. तोफ उडताना कानात बोळे घालणं तेव्हा भित्रेपणाचं वाटायचं. मग उत्तर आयर्लंडच्या गल्ल्या, तिथे तोफा नव्हत्याच, हातात रायफल घेऊन हिंडायचं. आणि मग फॉकलंडचं युद्ध.

"बोट लागते म्हणून सैन्यात गेलो," ते म्हणाले, "आणि सैन्याने युद्धाला नेलं ते बोटीतून. कित्येक आठवडे. टुलॉक माझी बादली धुवायचा."

"आमच्याकडे तोफ डागणाऱ्याला पूर्वी गोलंदाज म्हणायचे," स्वरदाने सांगितलं. "आता क्रिकेटमध्ये बॉल टाकणाऱ्याला म्हणतात."

हे त्यांना फार आवडलं. 'गोलंदाज' हा शब्द ते वाटेत स्वतःशीच म्हणून बघत राहिले.

"तुम्ही तिथे खूप तोफा डागल्या असतील ना?"

"एकही नाही. मी तोफांच्या कितीतरी पुढे असायचो. टेकडीवर पालथं पडायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि मागे वायरलेसवर सांगायचं, गोळा उजवीकडे पडला, थोडा डावीकडे घ्या."

"एकटेच?"

"मी आणि टुलॉक. वायरलेस त्याच्याकडे."  परत वळताना ते म्हणाले, "मी दोन शब्द बोलायचो आणि समोरचा डोंगर हलायचा. घरी आल्यावर काहीही बोललं तरी काही हलेना. त्याची सवय व्हायला वेळ लागला. मॉयराला तर फार सोसावं लागलं."

युद्धानंतर इथल्या तोफखान्याच्या शाळेत शिकवायला त्यांना दोन वर्षं सिडनीला पाठवलं होतं. मॉयराला इथलं ऊन आवडलं. पुढे बढती मिळेना, तेव्हा त्यांनी मेजर म्हणूनच सैन्य सोडलं, इथे येऊन एका शाळेत गणित शिकवलं. टुलॉक त्यांच्या मागोमाग आला आणि बस चालवायला लागला.

पंचवीस एप्रिलला दोघं सकाळच्या मेट्रोने शहरात गेले. रँकिन यांच्या कोटावर पदकं होती. स्वरदाने गडद निळा पंजाबी ड्रेस घातला होता. डब्यातले लोक उठून जागा देत होते आणि रँकिन दरवेळी नको म्हणत होते.

जमायच्या गल्लीत नारिंगी जाकीट घातलेली एक आयोजक बाई आली. तिने बॅनर पाहिलं, रँकिन यांना नमस्कारासारखी मान लववली आणि स्वरदाला म्हणाली, "यंदापासून सगळी बॅनर्स आमचे स्वयंसेवक धरणार आहेत. घरचं कुणी असेल तर मागून चालू शकतं. तुम्ही यांच्या कोण?"

'सून' हा शब्द स्वरदाच्या अगदी ओठांवर आला होता. पण बाईचा तेवढा प्रश्न रँकिन यांनी नेमका ऐकला होता.

"शेजारीण," ते म्हणाले.

बाईला खरंच वाईट वाटलं. तिने दोनदा सॉरी म्हटलं. दोन धडधाकट स्वयंसेवक आले आणि त्यांनी दांडे घेतले. बॅनर इतकं ताठ कधीच दिसलं नव्हतं. त्याच्या मागे रस्ता रिकामा होता आणि त्यात रँकिन एकटे उभे होते.

"मी फुटपाथवरून येते," स्वरदा त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली. "तुमच्या बाजूनेच."

बँड वाजायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते. ती गर्दीच्या मागून, माणसांना बाजूला सारत त्यांच्या वेगाने चालत राहिली. डोक्यांच्या फटींमधून तिला ते दिसत होते. पहिल्या चौकापर्यंत पाऊल बरोबर होतं. मग चुकलं. त्यांनी दोन छोटी पावलं टाकून जुळवून घेतलं, पुन्हा चुकलं. पुढचा ड्रम त्यांना ऐकूच येत नव्हता. बॅनर पुढे गेलं, त्यांच्यात आणि बॅनरमध्ये अंतर पडलं आणि मागची तुकडी जवळ आली. "मेजर, डावा!" ती ओरडली. टाळ्यांमध्ये ते तिलाही ऐकू आलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर गर्दी इतकी दाटली की ती अडकली, आणि तेवढ्यात ते दिसेनासे झाले.

संचलन संपल्यावर बागेतल्या एका बाकावर ते तिला सापडले. गुंडाळलेलं बॅनर शेजारी ठेवलं होतं. ती डावीकडे बसली.

"तुला दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"टुलॉक मला वाटभर शिव्या द्यायचा. डावा, गाढवा, डावा. बँड कधीच ऐकू आला नाही मला. शिव्या ऐकू यायच्या." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "पुढच्या वर्षी येणार नाही मी."

दुपारी तिने त्यांना घरी जेवायला बोलावलं. पिठलं-भात त्यांनी चमच्याने सावकाश खाल्ला, प्लेट धुऊन ठेवली आणि लवकरच गेले. पुढच्या आठवड्यात कादंबरीचा फोन आला तेव्हा स्वरदाने तिला सगळं सांगितलं. "दॅट्स सो सॅड, आई," कादंबरी म्हणाली. तिला लेक्चरला जायचं होतं.

मे महिन्यात स्वरदा त्यांना वेस्टमीडला कान तपासायला घेऊन गेली. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं, की डावा कानही उतरतोय. यंत्राने थोडे दिवस निभेल, पुढे नाही. स्वरदानेच ते त्यांना मोठ्याने पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कार पार्किंग कुठल्या मजल्यावर होतं ते विचारलं.

त्यानंतर ती शिफ्टहून आली, की दोघं संध्याकाळी थोडं चालायला लागले. पहिल्या दिवसांत ती त्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द तोडून इंग्रजीत बोलायची. त्याने ती थकून जायची. जूनमधल्या एका गार संध्याकाळी ती मराठीत बोलायला लागली, स्वतःच्या नकळत. हृषिकेशने फोनवर काय सांगितलं ते, आईबाबा दर रविवारी त्याची चौकशी करतात ते, आणि ती दरवेळी तो बाहेर गेलाय म्हणून सांगते तेही. हे सगळं तिने मोठ्याने म्हटलं ते पहिल्यांदाच.

आपल्याला ऐकू आलं नाही की कळलं नाही, हे रँकिन यांना ठरवता येईना. त्यांनी विचारलंही नाही. तिचं बोलून झाल्यावर ते मॉयराबद्दल काहीतरी सांगायला लागले, गावाकडच्या दाट स्कॉटिश बोलीत. स्वरदाला त्यातलं 'मॉयरा' एवढंच समजलं. ती ऐकत राहिली आणि रस्ता संपला तरी दोघं वळले नाहीत, तसेच पुढच्या गल्लीत शिरले.