काचेआडचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना राखाडी पुठ्ठा आहे. दोन मिलिमीटर जाड, आणि गेली सहा वर्षे भिंतीवर काचेच्या आत. माझ्यावरचा नकाशा पाहून येणारे-जाणारे ‘वा!’ म्हणतात. पण तो पाहण्यासाठी केलेलाच नव्हता.

माझा जन्म रद्दीतून झाला. जुन्या वह्या आणि फाटकी खोकी भिजवून त्यांचा लगदा केला, तो जड रुळांमधून दाबून वाळवला. रुळांतून बाहेर आलो तेव्हा वाटले, सुटलो एकदाचा! तेवढ्यात डोक्यावर शंभरेक भावंडे रचली गेली आणि गठ्ठा दोरीने आवळला. एका कार्यशाळेत मी सात महिने सगळ्यांच्या तळाशी पडून होतो. फरशीची ओल अंगात मुरली आणि माझा एक कोपरा वर वळला.

ती कार्यशाळा एका ताईची आणि तिच्या बाबांची. बाबा आयुष्यभर सुरीने पुठ्ठे कापत आले होते. लेसरचे यंत्र ताईने आणले.

“तुझ्या दिव्यापेक्षा माझी सुरी बरी. जळका वास तरी येत नाही,” बाबा म्हणत.

“आणि अंगठ्याला पट्टी कशाची आहे हो?” ताई विचारी.

एके दिवशी अंध मुलांच्या निवासी शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी नवीन आली होती. ती सारखी पावले मोजायची, म्हणून सगळे तिला ‘मोजणी’ म्हणत. पण मोजून मोजून ती चुकायची आणि भिंतीवर आदळायची. तिची आई आठ दिवसांनी येणार होती. पोरीला तिथे एकटीने वावरता येत नसेल, तर घरी परत नेणार होती. मोजणीला शाळा सोडायची नव्हती. बाईंना बोटांनी वाचता येईल असा शाळेचा नकाशा हवा होता.

ताईने मला यंत्रात ठेवले. वळलेला कोपरा उठू नये म्हणून चारही बाजूंनी चुंबके दाबली आणि झाकण लावले. मला तसूभर हलता येईना. लेसरला पाते नसते, मित्रांनो. राईच्या दाण्याहून बारीक बिंदूवर गोळा केलेला प्रकाश असतो तो. सावकाश फिरला तर आरपार कापतो, भरभर फिरला तर नुसता वरचा थर जाळतो. ताईने तो भरभर फिरवला. दोन तास मी जागच्या जागी भाजत राहिलो. ताई मात्र जागची हलली नाही. “पुठ्ठा आहे, बाबा. पेट घ्यायला पापणी लवायचा अवकाश,” ती म्हणाली.

नकाशा देखणा झाला. भिंती, दारे, जिने सारे तपकिरी रेषांत उमटले. बाबासुद्धा म्हणाले, “जमलं हो तुझ्या दिव्याला!”

दुसऱ्या दिवशी मोजणी आली. तिने माझ्यावरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. बोट काजळीने काळे झाले.

“इथे काहीच नाही,” ती म्हणाली.

“अगं, नीट बघ ना!” ताई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मोजणीने नख लावून लावून एक पुसटशी खाच शोधली. “बाई, आपल्या शाळेच्या भिंती खड्ड्यात आहेत का?”

बाबांनी डोळे मिटून माझ्यावरून बोट फिरवले. मग ताईला म्हणाले, “पोरी, आपण दोघांनी नकाशा डोळ्यांनीच तपासला.”

ताईने दुसरे पुठ्ठे घेतले. भिंतींच्या पट्ट्या आरपार कापल्या, कडांची काजळी पुसली आणि बाबांनी त्या तळाच्या पुठ्ठ्यावर उभ्या चिकटवल्या. दाराच्या जागी मोकळी फट सोडली. प्रत्येक खोली झाली की आधी मोजणीचे बोट तिच्यातून फिरे. बोट अडखळले की पट्टी पुन्हा कापायची. चौथ्या दिवशी नकाशा तिच्या हाती पडला. उरलेले दिवस ती तो छातीशी धरून शाळाभर हिंडली.

आई आली तेव्हा मोजणी फाटकापासून आपल्या खाटेपर्यंत एकटी चालली. आईने धरायला हात पुढे केला, तर म्हणाली, “आई, तू मागून ये. इथे दार आहे, जपून.”

आई एकटीच घरी परतली.

मला मात्र बाईंनी हौसेने काचेत बसवून शाळेच्या व्हरांड्यात टांगले. इथे ओल नाही, धूळ नाही, आणि कुणाचे बोटही नाही. परवा मोजणी भिंतीच्या कडेने जाताना तिचा हात काचेला लागला.

“बाई, ही खिडकी का?”

“नाही गं, तो तुझा पहिला नकाशा. खराब होऊ नये म्हणून काचेत ठेवलाय.”

“माझे तर तीन खराब झाले,” ती हसून म्हणाली. “हात लावून लावून.”

मित्रांनो, कागद-पुठ्ठा जपा, ओलीत टाकू नका. कुणासाठी काही केलेत, तर आधी त्याच्याच हाती देऊन बघा. आणि इथे कधी आलात, तर एवढे करा: माझी चौकट खाली उतरवा, काच काढा आणि मला पालथा घाला. माझी मागची बाजू अजून कोरी आहे. तिच्यावर भिंती चिकटवता येतील.