धुक्यातला जळका वास

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, अठरा वर्षांची. ज्या सकाळची गोष्ट सांगणार आहे, ती आठवली की आजही माझ्या अंगात कापरं भरतं.

जयसिंग आबांनी मला नवीकोरी राहू गावात आणली, तेव्हा माझ्या नाकाडावर झेंडूचा हार होता. नवरदेव आणायचा असो की बाळंतीण माहेरी सोडायची असो, माणसं माझ्यासाठीच आबांकडे येत. पुढे घरोघरी गाड्या झाल्या आणि मी पत्र्याच्या शेडात धूळ खात पडले.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. व्यायामासाठी दौंडच्या दवाखान्यात सकाळी सातचा नंबर मिळाला. मुलगा पृथ्वीराज शिक्रापूरच्या कंपनीत कामाला. म्हणून सून सुलक्षणा गाडी शिकली आणि मी पुन्हा रस्त्यावर आले.

हिवाळ्यात भीमाकाठी धुकं दाट पडतं. बायकोला लांबचं दिसावं म्हणून पृथ्वीराजने मला जादा वॅटचे दिवे बसवले. फ्यूज सारखा उडू लागला, तेव्हा त्या जागी त्याने जाड तार गुंडाळली. दिवे लख्ख पेटले. तो खूश झाला. माझी मात्र झोप उडाली. दिवे लागले की डॅशबोर्डवरचं त्यांचं बटण तापायचं. आतलं प्लॅस्टिक मऊ पडताना मला कळायचं, पण सांगू कोणाला?

ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्या एकट्या आबांना कळलं. डावा हात लांबवून त्यांनी बटणाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"ग... ग..." ते म्हणाले.

"गार लागतंय व्हय, आबा? थांबा, काच लावते." सुलक्षणाने काच वर केली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं तीनदा झालं. दर वेळी मी घाबरत होते, कारण आबांना स्वतःच्या हाताने सीटचा पट्टाही सोडता येत नव्हता.

चौथ्या वेळी पुढे उसाची ट्रॉली होती, चहूकडे पांढरं धुकं. बटणाच्या फटीतून निळसर धूर निघाला. सुलक्षणाने मला कडेला घेतलं, किल्ली काढली आणि बटण दाबलं. ते वितळून अडकलं होतं. दिवे विझेनात. फ्यूजच्या जागची तार जाड, तीही वितळून तुटेना. माझ्या छातीत जाळ होता आणि पोटात माणूस. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

तिने पट्टा सोडला, आबांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढत बांधावर नेलं. चपला रस्त्यातच राहिल्या. आबा डावा हात नाचवत होते.

"ब्या... ब्याट... री!"

या वेळी तिला समजलं. तिने बॉनेट उघडलं, ओढणी हाताला गुंडाळली आणि बॅटरीची तार हिसडून काढली. दिवे विझले. धूर हळूहळू विरला. मग ती मातीत बसली आणि आबांना कवटाळून रडली.

दुपारी ओढून मला यवतला सिद्दीकमामांच्या गॅरेजात नेलं. पृथ्वीराज कामावरून धावत आला.

"मामा, नवं बटण टाका, संपला विषय," तो म्हणाला.

"बटण टाकू, पन ते बी जळंल," मामा म्हणाले. त्यांनी डॅशबोर्ड उघडला. मागची जोडणी करपून तपकिरी झाली होती. त्यांनी बॅटरी क्षणभर जोडून मीटर लावला. "ह्ये बघ. बटणात शिरताना बारा व्होल्ट, भाईर पडताना धा. दोन आतच जळत्यात. दिवं जड, पिना ढिल्या, आन् फ्यूजच्या जागी तार. फ्यूज उडत व्हता म्हंजी गाडी तुला कायतरी सांगत व्हती. तू तिचं त्वांडच बांधलंस."

पृथ्वीराजचा चेहरा उतरला. "म्या तिला उजेड पडावा म्हणून..."

मामांनी साधे दिवे घातले, योग्य फ्यूज लावला, नवं बटण बसवलं आणि एक रिले जोडला. आता दिव्यांचा भार रिलेवर, बटणाने फक्त इशारा द्यायचा. दिवे अर्धा तास चालू ठेवून त्यांनी पृथ्वीराजचा तळवा बटणावर ठेवला. बटण थंड होतं.

बाकावर बसलेल्या आबांनी तोंड उघडलं. कोणीच घाई केली नाही. मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

"उजेड... चांगला," आबा म्हणाले. खूप वेळ गेला. "पन... माझं... आयकून... घ्या."

पृथ्वीराज बापाच्या पायाशी बसला, तो बराच वेळ उठला नाही.

मित्रांनो, जळका वास आला, बटणाचा हाताला चटका बसला, फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला, तर नुसतं बटण बदलू नका. त्यामागे काय जळतंय ते बघा. मला तर बोलताच येत नाही. पण ज्यांना बोलायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी थोडं थांबत जा.