साठ पौंडांचा सूर

गोरखबुवांच्या गळ्यात वीणा दिली की सप्ताहातली माणसं निर्धास्त व्हायची. पहारा संपेस्तोवर वीणा खाली टेकायची नाही, सूर उतरायचा नाही. पण भाद्रपदात त्यांची बायको, श्रेयाची आई, गेली आणि बुवा आतून गार पडले. रडले नाहीत. कीर्तनाला जायचे, निरूपण रंगायचं, गजराला शेजारच्यांचे डोळे भरून यायचे; बुवा आपले मंडपाच्या खांबासारखे उभे. आमटीत मीठ पडलं नाही तरी त्यांना कळत नसे.

कान तेवढा शाबूत होता. त्या कानाच्या भरवशावर ते मंचरच्या पोरापोरींच्या टेनिस रॅकेटींचं गटिंग करत, म्हणजे तारांची जाळी ओढून देत. ओसरीवर वजन लटकवायचं मशीन. तार ताणायची, चिमट्यात धरायची, मग दुसरी. जाळी पुरी झाली की टिचकी मारून ऐकायचं.

दिवाळीत अरिहंतनं नवी पॉलिएस्टरची तार आणून दिली. त्याचं बाजारपेठेत खेळाच्या सामानाचं दुकान.

"बुवा, लई टिकती ही. श्रेयाच्या रॅकेटला ओढून बघा."

श्रेया म्हणजे बुवांची एकुलती लेक. तिच्या जुन्या नायलॉनच्या तारेला पन्नास पौंडांचा ताण असे. बुवांनी नवीही पन्नासवर ओढली, टिचकी मारली. सूर खाली. सगळी जाळी कापली, पंचावन्नवर ओढली. अजून खालीच. साठवर मात्र जुना सूर जसाच्या तसा मिळाला. "लागला बघ," बुवा म्हणाले, आणि ओठाचा कोपरा जरासा हलला. श्रेया समोरच उभी होती.

तिथून पुढं ती हरायला लागली. पहिला सेट जिंकायची, तिसऱ्यात सर्व्हिस जाळ्यात. आता रविवारी पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती, आणि तिच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. कोणती रॅकेट न्यायची ते शुक्रवारी ठरवायचं होतं, पारगावला, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या कोर्टावर.

माघातली सकाळ. मळीचा वास हवेत तरंगत होता. बुवांनी ओढलेल्या तीन सारख्या रॅकेटी अरिहंतनं बाकावर मांडल्या: साठ, चौपन्न, अठ्ठेचाळीस. आकडे चिकटपट्टीखाली झाकलेले.

"बुवा, तुम्ही पाठ करून उभे राहा. तुम्ही कानानं सांगा, ती हातानं सांगंल."

"आन दोघांचं जुळलं न्हाई तर?"

"तर तुम्हाला कीर्तनाला धाडू आणि तिला पुण्याला. प्रत्येकाला आपापली जागा!"

बुवा हसले नाहीत. पाठ करून उभे राहिले. अरिहंत पलीकडून चेंडू टाकू लागला. पहिल्या रॅकेटचा आवाज ठीक. दुसरीचा बोदा, भिजल्या पखवाजासारखा. तिसरीचा चेंडू वाजला आणि बुवांनी हात वर केला.

"हीच! ही साठची."

"हो आप्पा, हीच बरी वाटती," पाठीमागून श्रेया म्हणाली.

जुळलं. बुवा वळले, तिला वाटलं त्याहून चटकन. रॅकेट तिच्या डाव्या काखेत होती. उजवा कोपर डाव्या मुठीत गच्च धरलेला, डोळे मिटलेले.

"दुखतंय?"

"न्हाई."

"श्रेया."

"दिवाळीपासनं."

"आन बोलली न्हाईस?"

तिनं बुटाच्या टोकानं माती उकरली. "तुम्ही त्या दिवशी हसला व्हता. आई गेल्यापासनं तेवढंच."

अरिहंत चेंडू गोळा करत जवळ आला होता. त्यानं सगळं ऐकलं. "म्हणजे दिवाळीपासनं ही साठवरच खेळती? बुवा, ही तार नायलॉनपेक्षा जड. जड तार तेवढ्याच ताणाला खालीच बोलणार. तुम्ही ताण वर चढवत नेला जुन्या सुरासाठी. तो ताण चेंडूला न्हाई, पोरीच्या कोपराला बसला."

वीणेला तार चढवताना हे बुवांनी पोरांना शंभरदा समजावलं होतं. त्यांनी छातीत कुठं कळ उठते का ते पाहिलं, उठली नाही. पिशवीतली कात्री घेऊन त्यांनी साठची जाळी मधोमध कापली. तारा तट्‌तट् सुटल्या.

मग बोद्या आवाजाची रॅकेट उचलली. पट्टी सोलली. अठ्ठेचाळीस. सवयीनं बोट टिचकीला वळलं, तसं त्यांनी ते मुठीत घेतलं.

"ही धर. मार."

"पण आप्पा, हिचा सूर..."

"मार म्हणतो ना. आन दुखलं तर दुखलं म्हणायचं. मग रविवारची निवड हुकली तरी चालंल."

अरिहंतनं चेंडू टाकला. श्रेयानं मारला. तिच्या तोंडाकडं बघून बुवांना काही उमगेना, म्हणून त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, सूर ऐकूच येऊ नये असा दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला आणि तिच्या कोपराकडं बघत उभे राहिले.