तिरकं टोक खाली की वर?

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. लोहाराने घडवलं तेव्हा माझी धार अशी होती, की कापल्याचं फांदीलाही कळायचं नाही. आता रोपवाटिकेत खिळ्याला गंजत लटकले आहे. तेलाचं तर नावच काढू नका.

माझं शेवटचं मोठं काम अंजिराचं. रोपवाटिकेचे मालक आबा, त्यांच्या बायकोने लावलेलं ते झाड. बाई गेल्या, झाड मागे राहिलं. मग नव्या भिंतीसाठी तेही तोडायचं ठरलं. आदल्या दिवशी आबांनी नवी रोपं करायला माझ्याकडून बारा कांड्या कापून घेतल्या, त्यांच्या पद्धतीने: वर तिरका काप, म्हणजे पाणी साचत नाही, आणि खाली सरळ. त्यांची सूनबाई मात्र नेमकं उलटं शिकलेली, तिरकं टोक मातीत. आबा जुडी ठेवून निघून गेले. त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. तिरक्या टोकांना मुळं फुटायची पावडर लावून तिने बाराही कांड्या वाळूत रोवल्या. सगळ्या शीर्षासनात! मी काय करणार? कात्रीला तोंड असून उपयोग काय?

महिना गेला. कांड्या सुकत चालल्या.

"पावडर कमी पडली असणार," आबा म्हणाले.

"उलट जास्त झाली असेल. जास्त झाली की टोक करपतं," सून म्हणाली.

मग फवारे वाढवले, सावलीची जाळी दुहेरी केली, वर प्लॅस्टिक पांघरलं. रोग रेड्याला, औषध पखालीला! पाणी, ऊब, औषध, सगळं होतं. फक्त पायांच्या जागी डोकं होतं.

एका सकाळी कांडी उपटायला वाकलेली सून थबकली. हवेतल्या सरळ टोकाशी मुळांचे पांढरे फुगवटे आले होते आणि कोंबांचे डोळे मातीकडे बघत होते.

"आबा, मी उलट्या लावल्या हो."

"मीच सांगायला हवं होतं," आबा एवढंच म्हणाले. अंजिराच्या जागी तोवर भिंत उभी राहिली होती.

दोनच कांड्या आतून ओल्या, जिवंत निघाल्या. सडलेली टोकं छाटायला त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. पहिलीच कांडी माझ्या बोथट पात्याखाली चेचली आणि तळापर्यंत चिरत गेली. ते पाप माझ्या माथी. दुसरी आबांनी घरातल्या सुरीने छाटली आणि कुंडीत सुलटी लावली.

मित्रांनो, कापण्याआधी एकमेकांशी दोन शब्द बोला आणि हत्याराला वेळेवर धार लावा. त्या एका कांडीला आता पान फुटलंय. आबा रोज तिच्यापाशी जाऊन बसतात. सूनबाईने कुंडीवर खडूने बाण काढलाय, वरच्या दिशेने.

मी अजून खिळ्यालाच आहे, गंजत.