वांग्यातला खोकला

रिसोडजवळच्या मळ्यात झोपडी बांधून राहणारे पंजाबराव वांगी, मिरची लावायचे. अडतीस सालच्या भादव्यात त्यांच्या खोकल्यात रक्त पडायला लागलं, तेव्हा धाकटा भाऊ रामकिसन त्यांना मोटारीने अकोल्याला घेऊन गेला. डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि रामकिसनला एकट्याला आत बोलावलं. उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी गाठ होती. मुंबईत किरणांचा उपचार होता, पण ही गाठ त्याला दाद देणार नव्हती. फार तर चार महिने, असं डॉक्टर म्हणाला.

घरी आल्यावर रामकिसनने ते फक्त वहिनीला, आवडाबाईला सांगितलं. पंजाबरावांना दोघांनी सांगितलं, छातीत पाणी झालंय, औषधाने उतरेल.

आठवड्याभरात पंजाबराव म्हणाले, "आवडे, वांग्यात कोणी खोकून राह्यलं काय?"

"नाई. कोणी नाई तिकडं."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "काल पार बांधाजवळ होता. आज एक सरी अलीकडं आला."

आवडाबाई हसण्यावारी नेत राहिली. पंजाबरावांनी विचारणं सोडलं, आणि हळूहळू बोलणंही सोडलं. दिवसभर खाटेवर पडून वांग्याकडे बघायचे. भाकरी तशीच राहायची. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करायचे. रामकिसन औषधाची बाटली बदलून आणायचा आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचा.

एका दुपारी आवडाबाई वांगी तोडत होती. पाठीमागे खोकला आला. तोच, आधी कोरडा, मग खोल, शेवटी गुरगुरणारा. ते उठून आले असतील म्हणून ती वळली. सरीत कोणी नव्हतं. झाडं हलत नव्हती. झोपडीच्या दारातून खाट दिसत होती आणि खाटेवर पंजाबराव तोंड मिटून झोपले होते. तिच्यापासून दोन हातांवर पुन्हा खोकला आला.

टोपली टाकून ती झोपडीत गेली आणि त्यांना हलवून जागं केलं.

"मलेही आयकू आलं," ती म्हणाली.

पंजाबरावांनी तिच्याकडे बघितलं. "मंग येवढे दिवस नाई काहून म्हणे?"

"तवा खरंच येत नोतं. पण दुसरं एक मी खोटं बोलली." आणि तिने डॉक्टरचं सगळं सांगितलं. गाठ, मुंबई, चार महिने.

ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "मले वाटे मी येडा होऊन राह्यलो." आणि थोड्या वेळाने, "भाकर आहे का?"

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. पुढे रोज दुपारी ती काम टाकून खाटेशी बसायची. दोघं ऐकायची. खोकला विहिरीपाशी आला, मग अंगणात. तिला भीती वाटायची, तेव्हा ते तिचा हात धरायचे. मधल्या वेळात मिरचीचं रोप कुठं लावायचं, कोणती गाय ठेवायची, हे ते तिला सांगत.

पौषात एका दुपारी खोकला खाटेच्या पायथ्याशी आला. पंजाबरावांनी अंग चोरून बाजूला जागा केली, कोणी बसायला आल्यावर करावी तशी. मग दोन्ही खोकले एकदम थांबले.

तेरावं झाल्यावर आवडाबाईने रामकिसनला विचारलं, "तुमी दादाजवळ बसायले काहून येत नोते?"

तो मान खाली घालून म्हणाला, "वयनी, अकोल्याहून येतानी मोटारीत दादा माह्याजवळ झोपले होते. आन् मागच्या बाकावर तेच खोकून राह्यले होते. मी वळून पाह्यलं. बाक रिकामा होता."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमाले आयकू येत नसन, तर मी एकटाच उरतो, असं वाटलं."

आवडाबाईने त्याच्यासाठी चहा ठेवला. त्या दिवशी तो दिवस मावळेपर्यंत बसून होता.