खालून वर वाचलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. पेपर तपासणाऱ्यांच्या हातात एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी अशी जाडजूड पेन्सिल असते ना, तिची मी लाल बाजू. दुसरी बाजू ही माझी जुळी बहीण, निळी. एकाच लाकडात, पाठीला पाठ लावून आम्ही जन्मलो. कारखान्यात दोघींची लांबी अगदी सारखी होती, हे मी मुद्दाम सांगते. आज मी बोटाच्या पेराएवढी उरले आहे आणि ती महाराणी अजून करंगळीपेक्षा लांब आहे. कष्ट कोणी केले आणि मिरवलं कोणी, हे यावरून तुम्हीच ओळखा.

आम्हाला एका बाईंनी विकत घेतलं. त्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग चालवत. शिकायला मोठी माणसं येत. एक परिचारिका होती, दोन ट्रक ड्रायव्हर होते, एक केशकर्तनालयवाला होता. बाईंचा नियम साधा होता. चुकेल तिथे लाल, शोभेल तिथे निळी.

आता चुका किती होतात आणि शोभतं किती, सांगा बरं! सगळा दिवस मीच राबायची. 'डिस्कस' लिहिलं की लोकांना त्याच्यापुढे 'अबाउट' चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. 'रिटर्न' म्हणजेच परत करणं, तरी त्याला 'बॅक'ची शेपटी लावतात. भाऊ दोन असले तर 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतात, जणू भाऊ आत्ताच ताटात वाढून घेतले आहेत. हे दिसलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची आणि माझ्या अंगात वीज खेळायची. मी सर्रकन फिरायची.

बाईंना घराबाहेरही राहवत नसे. एकदा शेजारच्या चष्मेवाल्याने नव्या दुकानाचं निमंत्रण दिलं. त्यात 'आपल्या उपस्थितीला आमंत्रण आहे' अशा अर्थाचं इंग्रजी छापलं होतं. आमंत्रण माणसाला देतात, उपस्थितीला नाही, असं म्हणत बाईंनी तिथल्या तिथे मला काढलं, कार्ड तपासलं आणि त्याच्याच हातात परत दिलं. चष्मेवाला वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. शिव्या मात्र मला बसल्या. लाल रंगच वाईट म्हणे!

आणि निळी? ती आठवड्यातून एखाद्या वेळी उठायची. कुठल्या तरी वाक्याखाली एक रेघ ओढायची आणि पुन्हा झोपायची. पण त्या एका रेघेचं केवढं कौतुक! परिचारिकेने निळ्या रेघेचं पान वहीतून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. ड्रायव्हर तर एकमेकांना विचारायचे, "तुझ्या किती निळ्या?" माझ्या किती, हे कोणी कधी प्रेमाने विचारलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पाठीला पाठ असल्यामुळे तिच्याकडे बघून नाक मुरडायचीही सोय नव्हती.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती, की जिच्या जोरावर मी तोरा मिरवायची. ती म्हणजे लेकीची पत्रं.

बाईंची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. एका छापखान्याच्या कचेरीत ती पत्रव्यवहार सांभाळायची. इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिहायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. बाई ते तपासून परत धाडत. त्या प्रत्येक पत्र दोनदा वाचत. पहिलं वाचन चुकांसाठी, दुसरं अर्थासाठी. पहिलं वाचन त्या खालून वर करत. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं पोस्टकार्डाने बाकीचं झाकत. अर्थ कळला की मन वाहवतं आणि चुका निसटतात, असं त्या वर्गातही शिकवत. दुसरं वाचन संध्याकाळच्या चहाबरोबर व्हायचं. समोर लेकीचे वडील बसलेले असायचे. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. बाई एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत, आणि ते डोळ्याला लावलेलं भिंग काढून ऐकत. तपासलेलं पत्र दुसऱ्या दिवशी टपालात पडायचं.

त्या पत्रांत निळीला फारसा वाव नसे. "घरच्या माणसाला कसली शाबासकी?" असं बाई म्हणत. मला उकळ्या फुटायच्या. लेक माझी होती. निळीने तिकडे बघायचंही नाही.

एके दुपारी लेकीचं पत्र आलं. त्याच दिवशी वर्गाच्या परीक्षेचे अर्ज टपालात टाकायचे होते, आणि टपालकचेरी बंद व्हायला अर्धा तास होता. बाईंनी घाईने पोस्टकार्ड घेतलं, मला उचललं आणि खालून वर सुरुवात केली. मी सात ठिकाणी फिरले. सात! निळी एकदाही नाही. मी इतकी खुशीत होते, की शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं. दुसरं वाचन आज राहू दे, असं म्हणून बाईंनी पत्र पाकिटात घातलं आणि अर्जांबरोबर तेही टाकून आल्या.

चहाच्या वेळी वडिलांनी विचारलं, लेक काय म्हणते?

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "'ए' आणि 'द' अजून चुकवते."

मग दोन आठवडे पत्र आलं नाही. बाई म्हणाल्या, कामात असेल. तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं, पण त्यावर नाव वडिलांचं होतं. पत्र आपल्या भाषेत होतं. बाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि तसाच राहिला, कारण त्या पत्रात मला काही काम नव्हतं.

वडिलांनी स्वतः वाचलं. लेकीच्या पोटात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, आता ती बरी होती. दवाखान्याच्या संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून घरमालकिणीने सही केली होती. शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, सोबतचं पत्र आईला द्या. तिला म्हणावं, दुसरं वाचन राहिलं आहे.'

सोबत तेच पत्र होतं. माझ्या सात खुणांचं.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी ते पहिल्यांदाच वरून खाली वाचलं. त्यात दवाखान्याचं नाव होतं, तारीख होती, आणि शेवटी तिच्या मोडक्या इंग्रजीत एक वाक्य होतं, 'आय अ‍ॅम हॅविंग फिअर, प्लीज कम.' मला भीती वाटते आहे, तू ये. 'हॅविंग फिअर' मी खोडलं होतं आणि वर नेटकं 'अफ्रेड' लिहिलं होतं.

बाईंनी पेन्सिल उचलली, उलटी केली आणि त्या वाक्याखाली निळीकडून रेघ ओढवून घेतली. रेघ वाकडी आली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? बाईंचे डोळे वाहत होते, आणि मी मात्र निळीवर जळत होते. त्या वाक्याला आधी मी हात लावला होता. ते माझं होतं! इतकी मी आंधळी झाले होते.

त्याच संध्याकाळी बाईंनी चार ओळींचं पत्र लिहिलं, तेही इंग्रजीत, कारण मायलेकींच्या पत्रांची भाषा तीच होती. पत्र आणि पेन्सिल पिशवीत टाकून त्या पहाटेच्या बसने निघाल्या. वडिलांनी तीन घड्याळं गिऱ्हाइकांना तशीच बंद परत केली आणि तेही बरोबर निघाले.

लेक भाड्याच्या खोलीत खाटेवर टेकून बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. वडिलांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आईकडे तिने पाहिलंच नाही. बाई दारातच घुटमळल्या. मग त्यांनी पत्र आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"आता तू तपास," त्या म्हणाल्या.

मी डोकावून पाहिलं. चार ओळींत तीन चुका! बाईंच्या हातून! अशी एक चूक वर्गात कोणी केली असती, तर त्याला उभं राहून दहा वेळा वाक्य म्हणावं लागलं असतं. मी आनंदाने थरथरले. आता लेकीच्या हातून मी बाईंच्याच कागदावर फिरणार, या विचाराने मला धीर धरवेना. भीती एकच होती, ती मला उलटं करून निळीला पुढे करेल की काय.

लेकीने पत्र वरून खाली वाचलं. सावकाश वाचलं. तिसऱ्या चुकीपाशी तिची नजर थांबली, हे मला स्पष्ट दिसलं. मग तिने आम्हा दोघींना खिडकीत ठेवून दिलं, पत्राची घडी केली आणि उशीखाली सरकवली.

"आई," ती म्हणाली, "भूक लागली आहे."

बाई झटकन उठल्या आणि डबे शोधू लागल्या. वडील म्हणाले, मीठ कुठे आहे ते तिलाच विचार, उगाच धुंडाळू नकोस. लेक हसली, आणि हसताना टाके दुखले म्हणून कळवळली.

मी खिडकीत पडले होते. जन्मभर मी निळीचा हेवा केला, पण त्या दिवशी मला हेवा वाटला तो त्या कागदाचा. तीन चुका अंगावर घेऊन तो खुशाल तिच्या उशीखाली जाऊन बसला होता. मी सात चुका काढूनही तिथवर कधी पोचले नव्हते.

मित्रांनो, मला जपा, मला टोक काढा, वह्यांवर खुशाल फिरवा. मी शेवटच्या पेरापर्यंत झिजेन. पण आपल्या माणसाचं पत्र आलं, तर ते वाचून होईपर्यंत मला हातात घेऊ नका.