सशाचं पिल्लू हलत नाही

ताई बालवाडीत शिकवायच्या, आणि शिकवायचं म्हणजे नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं, असा त्यांचा खाक्या. बेडूक शिकवायचा तर वर्गभर उड्या त्याच मारणार. मग गुडघे कुरकुरले तरी बेहत्तर. त्या आठवड्यात प्राण्यांची पिल्लं चालली होती. रानातली सशीण पिल्लाला गवतात ठेवून लांब जाते आणि ती परत येईपर्यंत पिल्लू जमिनीला चिकटून पडून राहतं, कोणी आलं तरी हूं की चूं करत नाही, हे सांगताना ताईंना एक खेळ सुचला. मुलं म्हणजे पिल्लं, ताई म्हणजे कोल्हा. जे हलेल ते कोल्ह्याच्या पोटात.

कोल्हा लबाड हवाच. ताई नावानं हाका मारायच्या, खाऊ देते म्हणायच्या, खोटं खोटं रागवायच्या आणि शेवटी हुकमी डाव टाकायच्या, "चला, खेळ संपला, उठा बरं!" जे उठेल ते गट्टम. या डावाला रोज बळी पडायची ती चुळबुळी. तिच्या आजोबांनी ठेवलेलं हे नाव अगदी चपखल होतं, कारण एका जागी बूड टेकणं तिला माहीतच नव्हतं. ती खाल्ली गेली की बाकीची मुलं खो खो हसायची. काल मात्र तिचे डोळे भरून आले होते. उद्या विसरेल, असं म्हणून ताईंनी ते सोडून दिलं.

आज मुलांना खरी पिल्लं दाखवायला त्या गोठ्यावर घेऊन आल्या होत्या. गोठेवाले काका हौशी होते. वासरू कासेला ढुशा का मारतं, तर आईला पान्हा फुटावा म्हणून. कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं का शिरतात, तर ऊब मिळावी म्हणून, असं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. करडानं एकाच्या शर्टाचं टोक चघळलं तेव्हा तर हसून हसून मुलांची पुरेवाट झाली. ताईही हसत होत्या. हसता हसताच त्यांनी मुलं मोजली, आणि त्यांचं हसू मावळलं.

"चुळबुळी कुठाय?"

तिच्या जोडीची मुलगी अगदी सहज म्हणाली, "ती पिल्लू झालीय. तिकडे." आणि तिनं कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

पलीकडे चाऱ्याचं गवत होतं, मुलांच्या डोक्याच्याही वर गेलेलं. त्यात काकांची सून ट्रॅक्टर चालवत होती. मागे गवत कापायचं यंत्र होतं. कडेकडेनं कापत ती आत आत येत होती आणि उभं गवत प्रत्येक फेरीला कमी होत होतं.

ताई कुंपणाकडे धावल्या. कुंपण ओलांडताना साडी फाटली, तेही त्यांना कळलं नाही. "चुळबुळी! अगं, बाहेर ये!" गवत नुसतं वाऱ्यानं हललं. "बाळा, खाऊ देते, ये!" त्या किंचाळल्या, "खेळ संपला गं! खेळ संपला!"

आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. तोंडून निघालेला प्रत्येक शब्द कोल्ह्याचा होता. नावाची हाक कोल्ह्याची, खाऊ कोल्ह्याचा, 'खेळ संपला' तर सगळ्यात जास्त कोल्ह्याचं. पोरीला बाहेर बोलावायला त्यांनी स्वतःकडे एकही खरी हाक ठेवली नव्हती. उलट जितकं ओरडावं तितकी ती जमिनीला चिकटणार होती.

"सूनबाई, थांब!" काका मागून ओरडत होते. सुनेच्या कानात कापसाचे बोळे होते. त्या घरघराटात बोळे नसते तरी काय ऐकू आलं असतं!

ताई गवतात शिरल्या. पळावं तर पोर पायाखाली येईल, न पळावं तर यंत्र पुढे जाईल. हातांनी गवत फाकत, धडपडत, जीव मुठीत धरून त्या ट्रॅक्टरच्या समोर गेल्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. सुनेनं करकचून ब्रेक दाबला.

"मेला असतात की हो बाई!" ती खेकसली.  ताईंनी नुसतं गवताकडे बोट केलं. सुनेला काय समजायचं ते समजलं. तिनं इंजीन बंद केलं, खाली उडी मारली आणि पुढच्या चाकापाशी वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"आहे," ती कशीबशी म्हणाली. "इथे आहे."

चाकापासून हातभर अंतरावर चुळबुळी पालथी पडली होती. गाल मातीला टेकलेला, मुठी आवळलेल्या, डोळे सताड उघडे. चड्डी ओली झाली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ताईंनी तिला उचललं, तर ती लाकडासारखी ताठ. "बाळा, मी आहे. मी ताई." पोरीची पापणीही लवली नाही. हिला आता कायमचं काही झालं की काय, या विचारानं ताईंचा धीर सुटला आणि भर उन्हात त्या हमसून हमसून रडू लागल्या.

खांद्यावरची मान जराशी वळली.

"ताई," अगदी हळू आवाज आला, "कोल्हा रडतो?"

"नाही गं राणी. कोल्हा नाही रडत."

"म्हणजे खरंच संपला?"

"संपला. खरंच संपला."

मग मात्र ती थरथरायला लागली. "मला खूप भीती वाटली," ती म्हणाली. "ते मोठ्ठं चाक आलं. खूप जवळ आलं. तरी मी हलले नाही. बघ, तू सांगितलंस तस्सं केलं." मातीनं भरलेला चेहरा तिनं वर केला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या मुलांना ती पहिल्यांदाच जिंकल्याचं कळलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

चुळबुळी ताईंच्या तोंडाकडे बघत शाबासकीची वाट पाहत होती.